वण विषाणूचा नव्हे, अडलेल्या दुरुस्तीचा

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत चढ चुकवता येत नाही. भाताची खाचरे खाली, घर वर, गुरांचे रान त्याहून वर. इथल्या माणसाचा दम कमी पडू लागला, तर ते शहरातल्या माणसाच्या आधी ध्यानात यायला हवे. पण कोविडच्या साथीनंतर या तक्रारीला दोन ठरावीक उत्तरे मिळू लागली. एक, ‘वय झाले, आता धाप लागणारच.’ दुसरे, ‘कोरोनाने फुप्फुसे खाल्ली, आता इलाज नाही.’ दोन्ही उत्तरे माणसाला तपासणीपासून दूर ठेवतात आणि दोन्ही उतावळी आहेत. फुप्फुसावर पडणारा वण, ज्याला डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात, तो विषाणू स्वतः घडवत नाही. विषाणू जखम करतो; वण पडतो तो शरीराने हाती घेतलेली दुरुस्ती अर्ध्यावर अडल्यामुळे. एवढा फरक पक्का समजला, की धोका कुणाला जास्त, निर्धास्त कुणी राहावे आणि लक्ष कधी ठेवावे, हे प्रश्न सुटू लागतात.

फुप्फुसांत कित्येक कोटी वायुकोश असतात. त्यांच्या भिंती इतक्या पातळ, की हवेतला प्राणवायू सहज पलीकडच्या रक्तात उतरतो. या भिंतीचे अस्तर मुख्यतः दोन प्रकारच्या पेशींचे असते. पहिल्या प्रकारच्या पेशी पसरट. सुमारे 95 टक्के पृष्ठभाग त्यांनीच झाकलेला असतो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी लहान, पण कामाला खंबीर. वायुकोश मिटू नयेत म्हणून लागणारा स्निग्ध द्रव त्या स्रवतात आणि शेजारची पसरट पेशी मेली, की विभागून तिची जागा भरतात. कोविडचा विषाणू एसीई-2 नावाच्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतो, तो या दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर असतो. म्हणजे घाव दुरुस्ती करणाऱ्यांवरच पडतो. 2020 मध्ये उंदरांवर काम करणाऱ्या संशोधकांनी दाखवले, की दुसऱ्या प्रकारच्या पेशीची पहिल्या प्रकारात पालट होताना एक मधली अवस्था येते आणि काही पेशी तिथेच अडकतात. पुढच्याच वर्षी कोविडने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांतही अशा अडकलेल्या पेशी आढळल्या. दुरुस्ती अडली की टीजीएफ-बीटा हा रासायनिक संदेश सुटत राहतो, फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी जाग्या होतात आणि कोलॅजनचे धागे विणू लागतात. जखम भरायला कोलॅजन हवेच. पण विणकाम वेळेवर थांबले नाही, तर भिंत जाड आणि ताठ होते. बसल्या जागी हे कळत नाही. चढावर मात्र रक्त वेगाने वाहते, जाड भिंत ओलांडायला प्राणवायूला वेळ पुरत नाही आणि धाप लागते.

जखम आणि वण वेगळे आहेत, याचा उत्तम पुरावा रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यातून मिळतो. 2003 च्या सार्स साथीत बीजिंगमध्ये आजारी पडलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना 15 वर्षे तपासले गेले. त्यांच्या फुप्फुसांवरचे डाग पहिल्या वर्षात बरेच आटले आणि उरलेले पुढे फारसे बदलले नाहीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने कोविडमधून उठलेल्या 207 जणांची तपासणी केली, तेव्हा सुमारे 44 टक्के लोकांमध्ये रक्तात वायू उतरण्याची क्षमता कमी भरली. आकडा मोठा आहे, पण तो आजारानंतरच्या ठरावीक टप्प्याचा आहे, जन्मभराचा निकाल नाही. महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यात सापडले आणि त्यानंतर वर्षभरात गावोगावी ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न तोंडी बसला. पंचवीसपैकी पंधरा म्हटले, की घरातल्यांचे पाय लटपटत. पण तो सीटी स्कोअर फुप्फुसाचा किती भाग दाहाने व्यापला आहे, एवढेच सांगत होता. स्कॅनवर धूसर काचेसारखी दिसणारी छटा बहुतेक वेळा सुजेची असते आणि सूज ओसरू शकते. वण ओळखायचा तो ताणून रुंदावलेल्या श्वासनलिकांवरून आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीवरून, तेही काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढून.

इथे आक्षेप येईल, की विषाणू एकच, जखम एकच, तर मग सगळ्यांनाच वण का पडत नाहीत? उत्तर असे, की दुरुस्तीची ताकद प्रत्येकाची वेगळी असते. वय वाढले की दुरुस्ती करणाऱ्या पेशी थकतात. काहींच्या एमयूसी5बी या जनुकाजवळ असलेला बदल फायब्रोसिसचा धोका वाढवतो, हे 2011 मध्ये समोर आले. आणि बराचसा वाटा श्वासातून आत गेलेल्या गोष्टींचा असतो. भोर-वेल्ह्यातल्या शेतीकडे या नजरेने पाहावे. पावसाळ्यापूर्वी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात: जमिनीवर शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत यांचे थर देऊन ते पेटवले जातात आणि माणसे त्या धुरात उभी राहतात. घरात चुलीचा धूर वर्षभर असतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या पेंढ्याला बुरशी येते. पेंढा झटकताना तिचे बीजाणू नाकातोंडात जातात आणि काही जणांच्या फुप्फुसांना त्याने ॲलर्जीचा दाह होतो. हा आजार किरकोळ नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत फुप्फुसांच्या अंतस्थ (वायुकोशांच्या भिंतींत दाह किंवा वण होणाऱ्या) आजारांचे 1,084 रुग्ण होते आणि त्यांतल्या 47 टक्क्यांना अशाच ॲलर्जीचा आजार होता. आधीच दाहाने शिणलेल्या फुप्फुसावर विषाणूचा घाव पडला, तर दुरुस्ती अडण्याची शक्यता वाढते. म्हणून सगळे खापर विषाणूवर फोडले, तर धूर आणि बुरशी मोकळी सुटतात.

याच्या नेमका उलट आक्षेपही ऐकला पाहिजे: फायब्रोसिस कोविडच्या आधीही होता, मग विषाणूचा संबंध जोडायचाच कशाला? संबंध आहे, पण तो किती घट्ट, हे पुराव्यानुसार ठरवावे लागते. गंभीर न्यूमोनियानंतर वण राहू शकतो, हे पक्के. ज्याला आधीच फायब्रोसिस आहे, त्याची प्रकृती साध्या विषाणूसंसर्गाने अचानक ढासळू शकते, हेही पक्के. कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसच्या रुग्णांच्या फुप्फुसांत एपस्टीन-बार यांसारखे नागीण कुळातले विषाणू जास्त वेळा सापडतात. पण ते आजाराचे कारण आहेत, की आजारी फुप्फुसात आसरा घेणारे पाहुणे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. घरी राहून सौम्य कोविडमधून बरे झालेल्या माणसाने प्रत्येक खोकल्यामागे वण शोधायचे कारण नाही. ज्यांना प्राणवायू किंवा व्हेंटिलेटर लागला, ज्यांचे वय जास्त आहे, ज्यांची उभी हयात धुरात गेली, त्यांच्याकडे मात्र लक्ष हवेच.

‘बरा होत नाही, तर शोधायचा कशाला?’ हा सर्वांत जड आक्षेप. पडलेला पक्का वण पुसणारे औषध नाही, हे खरे. पण शोधल्यावर कळते, की समोर सूज आहे की वण, आणि उपचार त्यावर ठरतो. स्टेरॉइडने कोविडच्या तीव्र दाहात प्राणवायूवरील रुग्णांचे जीव वाचवले. बुरशीच्या ॲलर्जीतही ते उपयोगी पडते. उलट कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसमध्ये स्टेरॉइड आणि ॲझाथायोप्रिन असलेल्या एकत्रित उपचाराने मृत्यू वाढल्याचे 2012 च्या चाचणीत दिसले. म्हणजे एकाचे तारक औषध दुसऱ्याला मारक ठरू शकते. वाढत जाणाऱ्या वणाचा वेग पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधे कमी करतात. जितक्या लवकर ती सुरू होतील, तितका श्वास शिल्लक राहतो. शिवाय धूर बंद करणे, पेंढा कोरडा ठेवणे, फ्लू आणि न्यूमोनियाची लस घेणे आणि श्वासाचे व्यायाम करणे यासाठी वण पुसला जाण्याची वाट पाहावी लागत नाही.

पहिल्या चाळणीसाठी लागणारी साधने गावात येऊन गेलेली आहेत. सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या. त्याच यंत्राने बसल्या बसल्या एक आकडा घ्यावा, सहा मिनिटे चालवून दुसरा. हात गार असला किंवा बोटांवर गडद मेंदी असली, तर आकडा चुकतो, म्हणून हात चोळून घ्यावेत आणि बोट स्वच्छ असावे. चालल्यावर आकडा तीन-चार अंकांनी घसरला, तर डॉक्टरांनी पाठीवर खाली स्टेथोस्कोप लावून ऐकावे. वेल्क्रोची पट्टी उघडताना होतो तसा चरचर आवाज आला, तर रुग्णाला छातीतज्ज्ञाकडे पाठवावे. न्यूमोनियाने प्राणवायूवर राहिलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी सोडण्याच्या कागदावर तीन महिन्यांनंतरच्या या तपासणीची तारीख लिहिलेली असली पाहिजे आणि त्या तारखेला कुणी आले नाही, तर त्याच्या घरी जाण्याची जबाबदारी प्राथमिक आरोग्य केंद्राने घेतली पाहिजे. ही मागणी ग्रामसभेत ठरावाने करता येते आणि ती आता करायला हवी, कारण फुप्फुसाची दुरुस्ती अडली आहे की नाही, हे घरी सोडल्यानंतरच्या याच महिन्यांत कळते.