नाक बंद, पहारा बंद

पुण्यात पाऊस लागला की घरोघरी सर्दी येते. तिला कुणी फारसं मनावर घेत नाही. पण ती स्वयंपाकघराचा पहारेकरीच झोपवते.

वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या पोकळीत अगदी वर असतात. सर्दीत आतलं अस्तर सुजतं आणि हवा तिथवर पोचतच नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असं मोजकंच कळतं. बाकीची चव नाकाच्या भरवशावर. म्हणून सर्दीत बिर्याणीही बेचव लागते. २०२० साली कोविडमध्ये तर नाक मोकळं असूनही अनेकांचा वास गेला.

एकदा मी तापाने फणफणलो होतो. मंद आचेवर दूध ठेवून पत्नी औषध आणायला गेली, तिला उशीर झाला. दूध करपलं, धूर जिन्यात गेला, शेजारी धावत आले. आणि मी शेगडीपासून चार पावलांवर पांघरूण घेऊन बसलेला! "अहो कविराज, वास येत नाही का?" वहिनींनी विचारलं. सगळा जिना हसला. मी ओशाळलो, पण मनात आलं, दुधाच्या जागी गॅस असता तर?

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. नाक बंद, की तो इशाराही वाया. तेव्हा सर्दीत रात्री रेग्युलेटर बंद करावा, घरातल्या धडधाकट नाकाला विचारावं. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. शंका आली तर विजेचं बटण न दाबता दारं-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ वर कळवावं.