पदकाची कड वाचा



आपल्यापैकी बहुतेकांच्या गावच्या घरी एक काळी ट्रंक असते. तिच्यात जुना गणवेश, डिस्चार्ज बुक आणि तळाशी फडक्यात बांधलेली एक-दोन पदके. ‘आजोबांना लढाईत मिळाले’ एवढेच घरात माहीत असते. कोणती लढाई, कोणती पलटण, हे विचारायला आजोबा नसतात. पण पदक स्वतःच बरेच सांगते. ते कुठून वाचायचे हे ठाऊक हवे.

आपण आधी पदकाचा चेहरा बघतो. चेहऱ्यावरून युद्ध कळते, माणूस कळतो तो कडेवरून. गोल पदकाच्या उभ्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत सर्व्हिस नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण घातलेली असते. ताऱ्याच्या आकाराचे पदक असेल तर हा मजकूर मागच्या बाजूला शोधा. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश सैनिकांना नावाशिवाय दिली गेली, भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र नावे घातली होती. आपल्यासाठी ही मोठीच सोय आहे.

म्हणून ब्रासोचा हात आवरा! बेल्टचे बक्कल चमकवायची सवय पदकावर चालवू नका. घासून घासून सर्वांत आधी कडेची अक्षरे जातात. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसा, तिरप्या उजेडात फोटो काढा. तरी अक्षर लागत नसेल तर कडेवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल हलकेच फिरवा, ठसा उमटतो.

आता चेहऱ्याकडे. पाचव्या जॉर्जचे मस्तक, मागे घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही साले असतील तर ते पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल. शिपायांचे चांदीचे असे, त्यामुळे कितीतरी पदके सोनाराच्या मुशीत गेली. मजूर आणि इतर बिनलढाऊ लोकांना तेच पदक काशाचे मिळाले. ते काशाचे दिसले म्हणून नकली समजू नका. कडेवर ‘मराठा’चे स्पेलिंग ‘महरट्टा’सारखे दिसेल. त्याआधी ११० आकडा असेल तर ती ११०वी मराठा पलटण. १०३, ११० आणि ११७ या पलटणी इराकमध्ये कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेला शरण जावे लागले. हे जुने आकडे १९२२च्या फेररचनेत गेले आणि मराठ्यांची पाचवी रेजिमेंट झाली. तेव्हा नुसत्या आकड्यावरूनही काळ ओळखता येतो.

काही घरांत हाताच्या पंजाएवढी काशाची चकती सापडते. तिच्यावर ब्रिटानिया आणि सिंह असतो. मुले तिला मोठे नाणे समजतात. ते नाणे नव्हे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या घरी ती पाठवली जाई. तिच्यावर फक्त नाव असते, हुद्दा मुद्दाम गाळलेला, कारण मरणात जनरल आणि शिपाई सारखेच.

सरहद्दीच्या मोहिमांसाठी एक साधी खूण आहे. इंडिया जनरल सर्व्हिस मेडलच्या मागे जमरूदचा किल्ला असेल तर ते १९०८चे, वाघ असेल तर १९३६चे. रिबनवरच्या पट्टीवर मोहिमेचे नाव असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या ताऱ्यांवर नावच लिहिलेले असते : आफ्रिका, इटली, बर्मा. रिबनवर फार भरवसा ठेवू नका, ती कुजते, बदलली जाते. तारे एकत्र ठेवून पाहिले की प्रवास दिसतो. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनला लढली आणि पुढे इटलीत गेली. त्याच पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मात्र आफ्रिका आणि इटलीचे तारे दिसले म्हणजे आजोबा त्यांच्याच पलटणीत होते असे नाही. ते कडच सांगेल.

एक गोष्ट थोडी कटू वाटेल. घरात जे ‘शौर्यपदक’ म्हणून सांगितले जाते ते बहुधा मोहिमेचे पदक असते, त्या मोर्चावर गेलेल्या सगळ्यांना मिळालेले. त्याने आजोबा लहान होत नाहीत. शिवाय हिशेब करून पाहा : १९४४ साली वीस वर्षांचा शिपाई तुमचा आजोबा की पणजोबा? आजोबांच्या ट्रंकेतले पदक पुष्कळदा त्यांच्या वडिलांचे निघते. आजोबांचे स्वतःचे म्हणजे १९६५चा समर सेवा स्टार किंवा १९७१चा पूर्वी अथवा पश्चिमी स्टार. टोपीच्या बिल्ल्यावर मुकुट की अशोकस्तंभाचे सिंह, हेही पाहा. मुकुट असेल तर बिल्ला प्रजासत्ताकाआधीच्या घडणीचा.

नंबर आणि पलटण हाती आली की रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला आहे. मद्रास सॅपर्सचे तर आपल्याच शहरात, अलसूरला. पत्रात नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, गाव-तालुका, भरतीचे अंदाजे साल आणि तुमचे नाते लिहा. कडेचा फोटो जोडा, मूळ पदक पोस्टाने पाठवू नका. आजोबा-पणजोबा महायुद्धात कामी आले असतील तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नावनोंदणी सर्वांना खुली आहे. तिथे शोधताना नावाची दोन-तीन स्पेलिंगे करून पाहा. त्या काळच्या कारकुनाने ‘घाडगे’ कसे लिहिले असेल याचा नेम नसतो.