कबुतराचा मेंदू, छाती आणि यकृत

दादरच्या कबुतरखान्याचं प्रकरण हायकोर्टात पोचलं, त्यावर ताडपत्री पडली, ती फाडली गेली आणि घराघरांत दोन तट पडले. विष्ठेमुळे फुप्फुसांना होणारा त्रास खरा आहे, त्यावर वाद नको. पण एवढ्या गदारोळात कबुतराच्या बाजूचा एक मुद्दा कुणीच मांडला नाही. खाल्लेल्या भाकरीची ताकद कशी होते हे विज्ञानाला कळलं, त्यात या पक्ष्याचा वाटा फार मोठा आहे.

पेशीत ग्लुकोज तुटून पायरुव्हिक आम्लाचे दोन रेणू होतात, इथवर सगळ्यांनी शाळेत घोकलेलं असतं. त्यात हाती लागतात एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जा-चलनाचे, जेमतेम दोन रेणू. खरी कमाई पुढे, तंतुकणिकेत. तिथला हिशेब धरला तर आकडा तीसच्या आसपास जातो.

हे ‘पुढे’ शोधताना ऑक्सफर्डच्या रुडॉल्फ पीटर्सनी कबुतरांना पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलं. कबुतरांची मान मागे वळायची, झटके यायचे. त्यांच्या मेंदूचा लगदा बशीत ऑक्सिजन नीट वापरेना. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, टाकलं की वापरू लागे. थायमिनवाचून पायरुव्हिक आम्ल अडून साठत होतं. कारण तंतुकणिकेत शिरल्यावर त्याचा एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो, ते काम करणाऱ्या विकराला थायमिन लागतंच. उरलेले दोन कार्बन ‘कोएन्झाइम ए’च्या हवाली होतात. हे कोएन्झाइम फ्रिट्झ लिपमनना बोस्टनमध्ये सापडलं, तेही कबुतराच्या यकृतावर काम करताना!

आणि छाती? नाझींनी नोकरीवरून काढलेले हान्स क्रेब्ज इंग्लंडमध्ये शेफील्डला आले. १९३७ मध्ये विल्यम जॉन्सन या विद्यार्थ्याबरोबर ते कबुतराच्या छातीचा खिमा घेऊन बसले. उडण्याचा स्नायू तो, ऑक्सिजन भराभर संपवणारा. त्यातून दिसलं ते रहाटगाडगं: चार कार्बनचं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट ते दोन कार्बन उचलतं, सायट्रिक आम्ल होतं, वाटेत दोन कार्बन सोडतं आणि पुढचा भार घ्यायला पुन्हा मूळ रूपात हजर. आपल्या उच्छ्वासातला बहुतेक कार्बन डायऑक्साइड याच भागातून येतो. श्वासातला ऑक्सिजन मात्र इथे थेट लागत नाही. तो अगदी शेवटी, हायड्रोजन आणि इलेक्ट्रॉन स्वीकारून पाणी व्हायला येतो, आणि त्या इलेक्ट्रॉनांच्या प्रवासातच बहुतांश एटीपीची सोय होते.

हा शोध छापायला पाठवला, तर ‘नेचर’नं क्रेब्जना कळवलं, आमच्याकडे सात-आठ आठवडे पुरतील इतकी पत्रं पडून आहेत. मग निबंध हॉलंडमधल्या ‘एन्झायमॉलॉजिया’त छापून आला. १९५३ चं नोबेल क्रेब्ज आणि लिपमन यांना विभागून मिळालं. शाळेत मात्र ही गोष्ट मागेच पडते. पायऱ्यांची नावं तेवढी घोकली जातात, परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरायला.

पीटर्सचा धडा रुग्णालयं मात्र विसरलेली नाहीत. वर्षानुवर्षं दारू पिऊन खंगलेला रुग्ण आला, की ग्लुकोजच्या बाटलीआधी किंवा निदान तिच्यासोबत थायमिनचं इंजेक्शन दिलं जातं. नुसतं ग्लुकोज चढवलं तर पायरुव्हिक आम्ल तयार होतं, पुढची वाट मात्र बंद. उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूवर बेतू शकतं.