टेबल चार बोटं खाली घ्या
मांडवगडच्या जहाज महालाची गच्ची गाठायची तर दगडी जिना चढावा लागतो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला ते जमणार नाही. पण खाली तिकीटखिडकीत टेबल त्याच्या उंचीला बसवलं आणि दाराशी उंबऱ्याऐवजी उतार केला, की तो कुणाही इतकंच चोख काम करील. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा मागतो ती ‘वाजवी सोय’ हीच. दयेचा इथे संबंधच नाही. आधीच्या १९९५च्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ३ टक्के जागा राखीव होत्या, आता किमान ४. मांडवगड ज्या मध्य प्रदेशात आहे, तिथे ६. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी खात्याला त्या माणसाला काढून टाकता येत नाही, हे कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. समान संधीचं धोरण जाहीर करणं खासगी कंपन्यांनाही बंधनकारक आहे. उमेदवारांनी ते जरूर मागून वाचावं.