नाटकाची नोंद आणि बाजाराचा कौल

नाट्यप्रयोग ही मोठी नाशवंत वस्तू आहे. पडदा पडला की संहिता उरते, त्या दिवशीचा अभिनय उरत नाही. छायाचित्रण अवतरण्यापूर्वी तो टिपण्याचे काम चित्रकाराच्या कुंचल्यावर पडे. अठराव्या शतकातील जपानमध्ये तर त्याचा रीतसर धंदाच झाला होता. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, येथील काबुकी नटांची चित्रे प्रथम कुंचल्याने रेखाटली जात, मग लाकडी ठशांवरून छापून नाट्यवेड्या प्रेक्षकांना विकली जात.

१७९४ मध्ये तोशूसाई शाराकू हा अपरिचित चित्रकार या बाजारात उतरला. काळ ओढगस्तीचा होता. एदोतील तिन्ही प्रमुख नाट्यगृहे आर्थिक अडचणींमुळे बंद पडून त्यांच्या जागी पर्यायी नाट्यगृहे चालत होती. प्रकाशक त्सुताया जूझाबुरो याची निम्मी मालमत्ता १७९१ मध्ये सरकारजमा झाली होती. तरीही त्याने या नवख्याची २८ चित्रे अभ्रकाने चकाकणाऱ्या पार्श्वभूमीवर छापण्याचे धाडस केले.

शाराकूने नटांची भलावण केली नाही. ओतानी ओनिजी या नटाचा दरोडेखोर एदोबेई मान पुढे काढून, बोटे फाकून उभा आहे. त्याचा हावरेपणा आजही अंगावर येतो. १६२९ पासून स्त्रियांना रंगभूमीवर बंदी असल्याने स्त्रीभूमिका पुरुषच करीत. शाराकूने त्यांच्या प्रसाधनामागची पुरुषी चेहरेपट्टी झाकली नाही.

प्रेक्षकाला मात्र नोंद नको होती, आवडत्या नटाची देखणी छबी हवी होती. ती पुरविणारा समकालीन तोयोकुनी भरभराटीस आला. शाराकूची नंतरची चित्रे सौम्य झाली, आणि सुमारे दहा महिन्यांत, १४० हून अधिक चित्रे काढून तो दिसेनासा झाला. अतिवास्तव चित्रणामुळे तो टिकला नाही, असे जुन्या जपानी टिपणांत नमूद आहे. १९१० मध्ये जर्मन अभ्यासक युलिउस कुर्त यांनी त्याच्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा पाश्चात्त्य जगाला त्याचे मोल कळले. आज त्याच चित्रांवरून कोणत्या नाट्यगृहात कोणी कोणती भूमिका कशी केली, हे अभ्यासक सांगू शकतात.

बाजार आजच्या गिऱ्हाइकाची आवड मोजतो. उद्याच्या अभ्यासकाला तेथे बोली लावता येत नाही. म्हणूनच प्रामाणिक नोंदीचा खर्च कोणीतरी तोटा पत्करून उचलावा लागतो. शाराकूच्या बाबतीत तो एका अडचणीतल्या प्रकाशकाने उचलला. प्रत्येक पिढीला असा प्रकाशक लाभेलच, या भरवशावर रंगभूमीचा इतिहास सोडता येणार नाही.