बोर बदलण्याचा मोह



गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी घोडेगांवाकडून मुद्दाम जुन्नरास मला भेटावयास आला. शेतकरी गृहस्थ, वस्ती उंसाच्या फडाला लागून. आंबेगांव व जुन्नर या दोन्ही तालुक्यांत उंसांत बिबट्या वावरतो, हें आतां कोणास सांगावयास नको. फौजेंतून निवृत्त झालेले त्याचे आजोबा दोन महिन्यांपूर्वीं वारले होते. त्यांचें परवान्याचें जुनें पिस्तूल घरांत होतें. पण त्याचीं काडतुसें कोठेंच मिळेनात. एका लेथवाल्यानें त्यास सांगितलें, "नळी बदलूं, म्हणजे बोर बदलेल. आठ दिवसांचें काम." विद्यार्थ्यानें मला विचारलें, "गुरुजी, पंपाचा पाइप बदलतात तसेंच ना हें?" त्यास जें उत्तर दिलें, तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

बोर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास. पिस्तुलाचा वा रायफलीचा बोर इंचांत किंवा मिलिमीटरांत सांगतात. बत्तीस बोर म्हणजे सुमारें ०.३२ इंच. बारा बोरच्या बंदुकीचा हिशेब मात्र निराळा. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या, तर त्यांतील एक ज्या नळींत नेमकी बसेल ती बारा बोरची. म्हणून तेथें आंकडा वाढला कीं नळी बारीक होते. सारांश, बोरचा आंकडा हें केवळ नांव आहे. त्या नांवाखालीं काडतुसाची लांबी, त्याच्या बुडाची घडण, दारूचा जोर आणि तो सोसणारें पोलाद, इतक्या गोष्टी एकमेकींशीं बांधलेल्या असतात.

बोर खरोखर बदलावयाचा तर काय करावें लागतें, याचें उदाहरण आपल्याच देशांत आहे. १९६२ सालीं चीनशीं युद्ध झालें, तेव्हां आपल्या जवानांच्या हातीं मुख्यतः .३०३ ची रायफल होती. पुढें बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यानें त्याच घडणीची रायफल ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठीं तयार केली. आतां, .३०३ इंच म्हणजे सुमारें ७.७० मिलिमीटर. दोन्ही आंकड्यांत अंतर केवढें? केंसाच्या जाडीएवढें! पण नव्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड नव्हती आणि त्याचा दाबही अधिक होता. म्हणून नळीबरोबरच काडतुसें ठेवण्याची पेटी बदलावी लागली, आणि मुख्य सांगाड्यासाठीं अधिक कणखर पोलाद वापरावें लागलें. जें काम करण्यास एवढ्या मोठ्या कारखान्यास नवें पोलाद लागलें, तें लेथवाला आठ दिवसांत कशाच्या बळावर करणार?

दाब म्हणजे किती, तेंही ऐका. मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें दोन किलो असतो. साध्या बत्तीस बोरच्या पिस्तुलांत बार उडतांना तो क्षणभर हजार किलोंच्या वर जातो. हा दाब ओसरण्यापूर्वीं पितळी टोपण फाटलें किंवा मागची बाजू उघडली, तर तप्त वायु उलट येतो, आणि तेथें आपला हात व डोळे असतात. कारखान्यांत प्रत्येक नळींतून नेहमींपेक्षां अधिक जोराचें काडतूस उडवून तिची परीक्षा घेतात व मगच छाप मारतात. लेथवाल्याच्या नळीची परीक्षा पहिल्या बारालाच होणार, आणि तीही माझ्या विद्यार्थ्याच्या मुठींत.

कायद्याची बाजूही तितकीच कडक आहे. लष्करी वापराचे कांहीं बोर सामान्य नागरिकास मनाई आहेत. नऊ मिलिमीटरचें पिस्तूल त्यांपैकींच होय. बोर बदलला कीं शस्त्राचा वर्गच बदलूं शकतो. म्हणून १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें शस्त्र बनविण्यास, दुरुस्त करण्यास अथवा त्याचें रूपांतर करण्यास निराळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना असें काम करणाऱ्यास किमान सात वर्षें आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊं शकते. शिवाय आजोबांचा परवाना आजोबांबरोबरच संपला. अशा वेळीं वारसानें शस्त्र विलंब न लावतां पोलीस ठाण्यांत अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें, आणि हवें असल्यास स्वतःच्या नांवानें परवाना मागावा.

"मग बिबट्याचें काय?" त्यानें विचारलें. मीं म्हटलें, "अरे, रात्रीं उंसाच्या कडेला पिस्तुलाचा नेम लागत नाहीं, जखमी बिबट्या मात्र अधिक घातक होतो. १९७२ च्या कायद्यानें त्यास संरक्षण आहे. त्याचा बंदोबस्त वनखात्यानें करावयाचा. तूं तें पोर अंधारांत एकटें अंगणांत सोडूं नकोस, गोठा बंदिस्त कर, आणि बिबट्या दिसतांच त्यांस कळव."

दुसऱ्या दिवशीं त्यानें पिस्तूल ठाण्यांत जमा केलें व पावती मला आणून दाखविली. आजोबांची वस्तु घरांतून गेली म्हणून त्याचे डोळे भरून आले होते. मीं त्याच्या हाताकडे पाहिलें. पांचही बोटें जागच्या जागीं होतीं.