देवलीच्या छावणीत मुलं कशी पोचली

गुरुग्रामहून जयपूरच्या रस्त्याला लागायचं आणि जयपूर मागे टाकून टोंकवरून कोट्याच्या दिशेने जायचं. साधारण 400 किलोमीटरवर देवली लागतं. आज तिथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. 1962 च्या नोव्हेंबरात याच गावातल्या छावणीत आसाम, शिलाँग, दार्जिलिंग, कालिम्पाँगकडची चिनी वंशाची कुटुंबं आणून ठेवायला सुरुवात झाली. एकूण सुमारे 3,000 माणसं. त्यांत शाळकरी मुलं होती, कडेवरची होती, काही तर छावणीतच जन्मली. या मुलांवर आरोप कोणताच नव्हता. मग ती काटेरी तारेच्या आत गेली कशी?

छावणी आयती होती. इंग्रजांनी 1930 च्या दशकात बंगालचे राजबंदी इथे ठेवले. दुसऱ्या महायुद्धात जयप्रकाश नारायण, श्रीपाद अमृत डांगे, बी. टी. रणदिवे इथेच स्थानबद्ध होते; 1941 मध्ये इथल्या बंद्यांनी मोठं उपोषण केलं. त्यानंतर आले जपानी. सिंगापूर-मलायात पकडलेली जपानी कुटुंबं, बायकामुलांसह, आधी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात तंबूंत राहिली आणि 1943 मध्ये देवलीला हलवली गेली. म्हणजे अख्खी कुटुंबं कोंडण्याचा पायंडा इंग्रजांनी आधीच पाडून ठेवला होता.

आता कायदा. चीनशी युद्ध 20 ऑक्टोबर 1962 ला पेटलं. 26 तारखेला आणीबाणी जाहीर झाली आणि भारत संरक्षण अध्यादेश निघाला. पाठोपाठ परदेशी व्यक्तींविषयीचे नियम कडक झाले. एरवी फौजदारी कायदा विचारतो, तू काय केलंस? इथे प्रश्न होता, तू कोणाचा? त्या काळच्या एका आदेशात तर आईवडीलच नव्हे, आजी-आजोबांपैकी कोणी शत्रुराष्ट्राचं नागरिक असलं तरी माणूस निर्बंधाखाली येत असे. वंशावरून माणूस ठरवायचा म्हटल्यावर वयाचा प्रश्नच उरत नाही. सत्तरीचा आजोबा आणि सात वर्षांची नात एकाच यादीत बसतात. मला या सगळ्यात सर्वांत भयंकर वाटते ती हीच गोष्ट.

आसामातली ही माणसं उपरी नव्हती. चहाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी चिनी कामगार आणले ते एकोणिसाव्या शतकात. तिनसुकियाजवळच्या माकुममध्ये त्यांची वस्ती वाढली, इथल्या मुलींशी लग्नं झाली, मुलं आसामी बोलू लागली. 19 नोव्हेंबरला माकुममध्ये धरपकड झाली. तुमच्याच सुरक्षिततेसाठी नेतोय, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असं सांगितल्याचं अनेकांना आठवतं. लोक हाताला लागेल ते घेऊन निघाले. आईबापांना उचलल्यावर पोरं ठेवायची कोणाकडे? ती बरोबर गेली. काही घरांत नवरा छावणीत गेला आणि बायको मागे राहिली, अशीही ताटातूट झाली. चीनने 21 नोव्हेंबरला युद्धविराम जाहीर केला. छावणी मात्र त्यानंतरही भरत राहिली.

मग रेल्वे. आसाम ते राजस्थान प्रवासाला आठवडाभर लागला. वाटेत स्टेशनांवर जमावाने दगड मारल्याच्या, अर्धकच्चा भात मिळाल्याच्या आठवणी आहेत. डोंगराळ, पावसाळी मुलखातली मुलं टोंकच्या कोरड्या माळावर उतरली. बराकीत दाटीवाटीने कुटुंबं राहिली. सुरुवातीला जेवण एकत्र शिजे, कधी कच्चं तर कधी करपलेलं. पुढे शिधा मिळू लागला आणि बायका आपापल्या चुली पेटवू लागल्या. मुलांची शाळेची वर्षं बुडाली ती बुडालीच. दार्जिलिंगच्या यिन मार्श तेव्हा 13 वर्षांच्या होत्या. धाकट्या भावासह त्या देवलीला गेल्या आणि पुढे त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. जॉय मा यांचा तर जन्मच छावणीतला. मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा यांच्याबरोबर त्यांनी ‘द देवलीवालाज’ हे पुस्तक 2020 मध्ये काढलं.

मुलांना कोंडण्याचं याहून क्रूर उदाहरणही आहे. पोलंडमधल्या वुच शहरात नाझींनी 1942 च्या अखेरीस खास मुलांसाठी छावणी उघडली होती. तिथे मुलांना आईबापांपासून तोडून राबवलं, मारलं. देवली तशी नव्हती, दोन्ही एका मापाने मोजू नयेत. पण देवलीतही कैदेची मुदत ठरलेली नव्हती, आणि ‘आपण घरी कधी जायचं?’ या मुलांच्या प्रश्नाला आईकडे उत्तर नव्हतं.

सुटका टप्प्याटप्प्याने झाली. 1963 मध्ये चीनने मद्रासला जहाजं पाठवली. तीन खेपांत 2,300 हून अधिक माणसं गेली. त्यांतल्या कित्येक मुलांनी चीन कधी पाहिलाही नव्हता. शेवटची कुटुंबं 1967 पर्यंत अडकून होती. आणीबाणी उठली जानेवारी 1968 मध्ये. परतलेल्यांपैकी अनेकांची घरं-दुकानं तोवर शत्रू मालमत्ता म्हणून लिलावात गेली होती. आयुष्य शून्यातून उभं करायचं म्हणून पुष्कळजण कॅनडाला गेले. तिथे त्यांनी संघटना बांधली असून भारत सरकारने आपली माफी मागावी, ही त्यांची मागणी आहे. मागणी करणाऱ्यांत तेव्हाची मुलंच जास्त आहेत.